इम्प्लांट काढून छाती सपाट करून घ्यायची आहे, निर्णय चुकतोय का?

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "वय ५४, राहणार जुळे सोलापूर. चार वर्षांपूर्वी पुण्यात डावा स्तन काढला. त्याच ऑपरेशनमध्ये छातीच्या स्नायूखाली सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, नंतर रेडिएशन झालं. सध्या लेट्रोझोल ही कॅन्सरची गोळी चालू आहे. दीडएक वर्षापासून ती बाजू टणक झालीय, वर सरकलीय. भाकरी थापताना आतून ओढ बसते, डाव्या कुशीवर झोपता येत नाही. सांधे दुखतात, थकवा जात नाही. डॉक्टर म्हणतात, इम्प्लांट बदलू, नाहीतर पोटाचा भाग घेऊन नवीन स्तन करू. मला आता काहीच नको. काढून सपाट करून हवंय. मिस्टर म्हणतात, एवढा खर्च केला, एवढं सोसलंस, आता काढून काय मिळणार? मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. माझा निर्णय चुकतोय का? छाती कशी दिसेल? दुखणं जाईल ना?"

ताई, निर्णय चुकत नाहीये. स्तन पुन्हा तयार करणं हा कॅन्सरच्या उपचाराचा भाग नसतो. ते बाईच्या समाधानासाठी केलेलं असतं. ते ठेवलं म्हणून रोग लांब राहत नाही आणि काढलं म्हणून परत येत नाही. ज्या गोष्टीचा उद्देशच तुमचं समाधान होता, ती जाच करत असेल तर काढून टाकायला वैद्यकीय हरकत काहीच नाही. तुमच्या डॉक्टरांनी बदलायचा किंवा पोटाचा पर्याय दिला, त्यात त्यांचंही काही वावगं नाही. आम्हा प्लास्टिक सर्जनांचं शिक्षणच घडवण्याचं असतं. त्यामुळे बिघडलेलं दिसलं की दुरुस्तीचा विचार आधी येतो. पण "काहीच नको" हाही एक पूर्ण पर्याय आहे. तो पहिल्या दोनांच्या रांगेत, त्यांच्याइतक्याच मानानं तुमच्यासमोर ठेवायला हवा होता.

मला थांबावंसं वाटतं ते तुमच्या शेवटच्या प्रश्नावर. दुखणं जाईल ना? इम्प्लांट काढून घेतलेल्या आणि नंतर नाराज झालेल्या बायका मी पाहिल्यात. छाती सपाट झाली म्हणून खंत करणाऱ्या त्यांत फार थोड्या. बहुतेकींची नाराजी दोनच कारणांनी होती. एक तर जे दुखणं इम्प्लांटमुळे नव्हतंच, ते काढल्यावर जाईल अशी आशा धरलेली होती. किंवा ऑपरेशन "नुसतं काढायचं तर आहे" म्हणून उरकलं गेलं आणि छातीवर घड्या, गोळे, लोंबती कातडी राहिली. दोन्ही गोष्टी आधी बोलून टाळता येतात.

पहिली आधी घेऊ. शरीरात बाहेरची वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती तंतूंचं आवरण तयार करतं. आम्ही त्याला कॅप्सूल म्हणतो. हे प्रत्येकीत होतं आणि पातळ, मऊ राहिलं तर कळतही नाही. काहींमध्ये ते जाड होतं, आकसतं आणि इम्प्लांटला चहूबाजूंनी आवळतं. त्याच्या चार पायऱ्या आहेत. तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत त्यासोबत वेदनाही असते. तुमच्या वर्णनावरून तुम्ही चौथीच्या जवळ आहात, पण हे हात लावून तपासल्याशिवाय कोणी ठरवू नये. रेडिएशन घेतलेल्या छातीत हा त्रास बराच जास्त होतो. म्हणून तुमच्या बाबतीत इम्प्लांट बदललं तरी नवीन इम्प्लांटभोवती तेच पुन्हा होण्याचा धोका मोठा आहे. त्याच त्वचेत, त्याच जागी तीच वस्तू पुन्हा ठेवायची, तर हा हिशेब तुमच्यासमोर मांडला गेला पाहिजे.

भाकरी थापतानाची ओढ वेगळी आहे. छातीचा मोठा स्नायू बरगड्यांवरून सुटा करून त्याखाली इम्प्लांट ठेवलं जातं. हात पुढे ढकलताना, दाबताना, कवेत काही उचलताना तो स्नायू आवळतो आणि खालचं इम्प्लांट वर किंवा बाजूला सरकतं. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. मांडीवर सूप घेऊन कात्रीनं पानं कापताना दर कापाला इम्प्लांट उडायचं. ओपीडीत स्टुलावर बसून त्यांनी रिकाम्या हातानं ती हालचाल करून दाखवली, तेव्हा ब्लाऊजवरूनही ते दिसत होतं. दिवसभर तेच काम, तीच हालचाल. हे दुखणं इम्प्लांट काढून स्नायू परत बरगडीवर टाक्यांनी बसवला की जातं. स्नायू परत बसवणं हा शब्द लक्षात ठेवा आणि सर्जनना विचारा, कारण नुसतं इम्प्लांट काढून तो तसाच वर आकसलेला सोडला तर गळ्याखाली एक कडक पट्टा राहतो आणि खाली खळगा दिसतो.

म्हणजे टणकपणा, आवळल्यासारखं वाटणं, कुशीवर झोपताना टोचणं, हालचालीबरोबरची ओढ, हे सगळं जाण्याची शक्यता चांगली आहे. न जाणाऱ्या गोष्टीही ऐकून ठेवा. छातीचा बधिरपणा राहणार, कारण स्तन काढतानाच त्वचेच्या बारीक नसा कापल्या गेल्या होत्या. काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला जी चमक किंवा आग होते ती नसेची असते, इम्प्लांटची नव्हे. तिला वेगळी औषधं आणि व्यायाम आहेत. रेडिएशननं आखडलेला खांदा आणि हाताची सूज यांचंही तसंच.

आणि सांधेदुखी, थकवा. इथे घाई करू नका. लेट्रोझोलनं सांधे दुखतात, सकाळी उठताना बोटं आखडतात, ही त्या गोळीची अगदी ओळखीची तक्रार आहे. इंटरनेटवर इम्प्लांटमुळे होणाऱ्या आजाराबद्दल तुम्ही वाचलं असेल. थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, केस गळणं अशी त्याची लक्षणं सांगतात. काही बायकांना इम्प्लांट काढल्यावर खरोखर बरं वाटतं, मी हे नाकारत नाही. पण त्याचं निदान करणारी एकही तपासणी नाही आणि तुमच्या बाबतीत गोळी हे जास्त जवळचं कारण आहे. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी-३ तपासा. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा की गोळीचा प्रकार बदलून पाहता येईल का. गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. हे सगळं करूनही तुम्ही इम्प्लांट काढणार असाल तर जरूर काढा, पण टणकपणासाठी आणि ओढीसाठी काढा. थकवा गेला तर तो वरचा फायदा समजा.

ऑपरेशनच्या आधी दोन गोष्टी नाहीत याची खात्री करून घ्यावीच लागते. पहिली म्हणजे रोग परत आलेला नाही ना. इम्प्लांट असलेल्या छातीत पुन्हा आलेली गाठ बहुधा त्वचेत किंवा त्वचेखाली, इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला येते आणि बोटांना लागते. तरी दीड वर्षात वाढलेल्या टणकपणासाठी छातीची सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे एमआरआय झाला पाहिजे. एमआरआयमध्ये इम्प्लांट आत फुटलंय का हेही कळतं. सिलिकॉन इम्प्लांट आतल्या आत फुटलं तर बाहेरून बऱ्याचदा काहीच समजत नाही.

दुसरी गोष्ट क्वचितच आढळते, पण माहीत असावी. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लिम्फोमाचा एक प्रकार होऊ शकतो. तो स्तनाचा कॅन्सर नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा आहे. म्हणूनच ॲलर्गन कंपनीनं जुलै २०१९ मध्ये बायोसेल प्रकारची खरबरीत इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. त्याचं नेहमीचं लक्षण म्हणजे इम्प्लांट बसवून काही वर्षं झाल्यावर अचानक त्या बाजूला पाणी भरून सूज येणं. तसं झालं असेल तर ते पाणी सुईनं काढून पॅथॉलॉजीला, सीडी-३० या तपासणीसाठी पाठवावं लागतं. लवकर सापडलं तर इम्प्लांट आणि संपूर्ण आवरण काढणं एवढ्यावर बहुतेकदा भागतं. तुम्ही सूज लिहिलेली नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण पुण्याच्या ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं इम्प्लांटचं कार्ड शोधा. त्यावर कंपनी, प्रकार आणि क्रमांक असतो. कार्ड सापडत नसेल तर त्या हॉस्पिटलकडे ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागा. इम्प्लांटचा स्टिकर तिथल्या कागदांवर चिकटवलेला असतो.

आवरणाबद्दल एक सांगतो, कारण यूट्यूब पाहून आलेल्या बहुतेक जणी हाच आग्रह धरतात: आवरण इम्प्लांटसकट अखंड, न उघडता काढा. लिम्फोमा असेल किंवा त्याची शंका असेल तर तसंच करावं लागतं. एरवी तसं करण्यानं फायदा जास्त होतो असं काही सिद्ध झालेलं नाही आणि तुमच्यासारख्या रेडिएशन झालेल्या छातीत धोका वाढतो. मागचं आवरण बरगड्यांना घट्ट चिकटलेलं असतं. ते ओरबाडून काढताना रक्तस्राव होतो, क्वचित फुप्फुसाच्या पडद्याला भोक पडतं. पुढचं, जाड झालेलं, आवळणारं आवरण काढायचं आणि मागचं जिथे सहज सुटत नाही तिथे सोडायचं, यात मला काही गैर वाटत नाही. काढलेलं आवरण मात्र तुकडा तपासणीला गेलंच पाहिजे. तो रिपोर्ट मागून घ्या आणि फाईलला लावा.

आता नाराजीच्या कारणांतली दुसरी गोष्ट. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत कमी बोलली जाते. इम्प्लांट काढणं हे अर्धं ऑपरेशन आहे. उरलेलं अर्धं म्हणजे छाती नीट सपाट करणं. इम्प्लांटनं ताणलेली त्वचा आत काहीच नसताना कापूस काढलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी पडते. ती मोजून कापावी लागते. काखेकडच्या बाजूला, जिथे जखमेची रेघ संपते, तिथे त्वचा आणि चरबीचा एक त्रिकोणी गोळा उभा राहतो. अंगानं भरलेल्या बायकांत तो पाठीपर्यंत जातो. तो काढायचा तर चीर लांब करावी लागते, कधी काखेखालून मागे न्यावी लागते. हा गोळा राहिला की ब्राचा पट्टा तिथे घासतो, हात खाली सोडला की टोचत राहतो, ब्लाऊज बसत नाही. बाई मग रोज त्याच जागी हात लावत राहते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं २०२० मध्ये अशा ऑपरेशनची रीतसर व्याख्या केली. जादा त्वचा, चरबी आणि ऊतक काढून उरलेली त्वचा ताणून, आकार देऊन छाती सपाट व गुळगुळीत करणं, असा तिचा मथितार्थ. म्हणजे ही एक नियोजित शस्त्रक्रिया मानली जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात सपाट राहण्याचा मार्ग घेतलेल्या ९३१ महिलांना विचारलं होतं. सुमारे ७४ टक्के आपल्या परिणामावर समाधानी होत्या. पण २२ टक्के जणींना सर्जनकडून विरोध अनुभवाला आला होता. हा पर्याय आधी सांगितलाच नव्हता, निर्णयाला साथ दिली नव्हती, किंवा पुढेमागे मन बदललं तर असू दे म्हणून त्वचा मुद्दाम जास्त ठेवली होती. हे शेवटचं मला अजिबात पटत नाही. मन बदललंच तर पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतकातून पुढे कितीही वर्षांनी स्तन करता येतो. त्यासाठी आज बाईच्या अंगावर लोंबती कातडी ठेवायची गरज नसते.

म्हणून सर्जनशी बोलताना "इम्प्लांट काढा" एवढंच म्हणू नका. असं म्हणा: "मला छाती सपाट आणि गुळगुळीत हवी आहे. जादा त्वचा ठेवायची नाही. काखेकडची घडीही काढा, चीर लांब झाली तरी चालेल. नवीन स्तन मला करायचा नाही." त्यांनी आधी केलेल्या अशा ऑपरेशनचे, चेहरा नसलेले फोटो दाखवायला सांगा. आपल्याला काय हवं, काय नको हे फोटोवर बोट ठेवून सांगता येतं. चिरेच्या खुणा ऑपरेशनच्या आधी तुम्हाला उभं करून किंवा बसवून पेननं केल्या पाहिजेत. आडवं झाल्यावर चरबी पाठीकडे सरकते आणि काखेचा गोळा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. याच कारणानं आम्ही शेवटचे टाके घालण्याआधी टेबलाची पाठ वर करून पेशंटला भुलीतच अर्धवट बसवतो आणि समोरून, बाजूनं पाहतो. तुमचे सर्जन असं करतात का, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो.

हे सगळं संमतिपत्रात मराठीत लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे की शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती तिची स्वतःचीच लागते, दुसऱ्या कुणाची तिच्या जागी चालत नाही. आणि जीव वाचवण्याचा प्रसंग नसेल तर एका ऑपरेशनच्या संमतीवर दुसरं काही करता येत नाही. कागदावर मिस्टरांची सही साक्षीदार म्हणून असू शकते. परवानगी तुमची.

छाती कशी दिसेल, याचं खरं उत्तर ऐका. आडवी किंवा थोडी तिरकी एक रेघ असेल. पहिले काही महिने ती लाल, उठावदार आणि खाजरी, मग हळूहळू फिकट होते. वर्षभर तरी तिचा रंग बदलत राहतो. रेडिएशन झालेली त्वचा पातळ आणि काहीशी चिकटलेली असते, म्हणून बरगड्यांची वळणं जाणवतील आणि गळ्याच्या हाडाखाली थोडा खळगा दिसेल. इम्प्लांटच्या दाबानं बरगड्या किंचित आत गेलेल्या असतात. डावी बाजू असल्यानं, तुम्ही बारीक असाल तर त्वचेखाली हृदयाचा ठोका उडताना दिसतो. ते पाहून काही बायका घाबरतात. त्यात धोका काही नाही. छाती सपाट झाल्यावर पोट पुढे आल्यासारखं वाटतं, तेही अनेकींना आधी कुणी सांगितलेलं नसतं. खळगा फार खुपला तर सहा-आठ महिन्यांनी पोटाची किंवा मांडीची चरबी सुईनं काढून तिथे भरता येते. एकदा भरलेली सगळी चरबी टिकत नाही, त्यामुळे कधी पुन्हा करावं लागतं.

उजवा स्तन आहे, त्याचाही विचार करा. तो मोठा असेल तर एका बाजूच्या वजनानं मान आणि खांदा दुखू शकतो. तो लहान करून घेणं हा एक मार्ग. बाहेरून कृत्रिम स्तन लावणं हा दुसरा. काही जणी म्हणतात, तोही काढून टाका म्हणजे दोन्ही सारखे. बीआरसीए जनुकात आनुवंशिक दोष नसेल तर निरोगी स्तन काढून आयुष्य वाढत नाही. म्हणून त्याची घाई करू नये, पण तुमच्या मनात असेल तर दडवूही नका, बोला. उजव्या बाजूची मॅमोग्राफी मात्र दरवर्षी चालू ठेवायची. डाव्या बाजूला तिची गरज उरत नाही, हातानं तपासणी पुरते.

पोटाच्या पर्यायावर थोडक्यात. रेडिएशन झालेल्या छातीत स्तन हवाच असेल तर स्वतःचं ऊतक हे इम्प्लांटपेक्षा जास्त टिकाऊ. पण ते बऱ्याच तासांचं ऑपरेशन आहे, पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत चीर येते आणि पोटाची भिंत कमकुवत होण्याचा धोका असतो. ज्या बाईला स्तन हवा आहे तिनं हे सोसण्यात अर्थ आहे. तुम्हाला नकोच आहे, तर फक्त डॉक्टरांचा आणि घरच्यांचा मान राखायला ते करू नका. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा स्तन आधीच पोटाच्या ऊतकाचा असेल आणि तोही नको झाला असेल, तर तो काढता येतो. पोट मात्र पूर्वीसारखं होत नाही.

वेळेचं गणित. तुमचं ऑपरेशन तातडीचं नाही. त्वचा पातळ होऊन इम्प्लांट दिसू लागलं, पू आला, ताप आला, छाती लाल झाली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. लग्नाला दोन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर लग्न उरकून घ्या. लग्नघरात बाई विश्रांती घेत नाही, हे मी पाहत आलोय. त्यात सोलापूरचा मे महिना. पारा चाळिशीच्या वर आणि छातीवर घट्ट पट्टा, घामानं टाक्यांभोवती पुरळ उठतं. पावसाळा सुरू झाल्यावर किंवा थंडीत करून घेतलंत तर तुम्हालाच सोपं जाईल. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ऑपरेशन नको म्हणणाऱ्याही असतात, त्यांना मी डिसेंबरच्या सुरुवातीची तारीख देतो.

मिश्रीबद्दल विचारायचं राहून जातं, म्हणून लिहितो. मिश्री लावत असाल तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद करा आणि जखम पूर्ण भरेपर्यंत लावू नका. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रेडिएशन झालेल्या त्वचेला आधीच रक्त कमी पोचतं. अशा त्वचेच्या कडा काळ्या पडतात, जखम उघडते. "मी फक्त दात घासायला लावते" असं सांगणाऱ्यांच्याही कडा काळ्या पडलेल्या मी पाहिल्यात. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस हॉस्पिटल, मग नळी घेऊन घरी. नळीतलं पाणी रोज ठरावीक वेळी मोजून वहीत लिहायचं. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली, लागोपाठ दोन दिवस आलं की नळी काढतात. त्यानंतरही आत पाणी साठू शकतं, ते ओपीडीत सुईनं काढतात. जखमेवर हळद, आंबेहळद, खोबरेल काहीही लावू नका. पहिले दहा-बारा दिवस हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पण कोपर आणि मनगट हलवत राहायचं. मग भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम, रोज थोडा वर. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, कुकरचा मोठा डबा सहा आठवडे दुसऱ्या कुणीतरी उचलायचा. भाकरी थापणंही त्यातच आलं. स्नायू बरगडीला नव्यानं शिवलेला आहे, त्याला चिकटू द्या.

कपड्यांचं सोपं आहे. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन जड असतो आणि उन्हाळ्यात त्याखाली घाम येतो. सुती धाग्यानं विणलेले हलके मिळतात, ते आधी वापरून पाहा. जखम भरल्यावरच, म्हणजे सहा-आठ आठवड्यांनंतर. ब्लाऊज शिवायला देताना कटोरी नको म्हणा. साधा, अस्तराचा, डाव्या बाजूला आतून सुती कप्पा असलेला शिवून घ्या. टेलर बाईला कारण सांगितलंत तर माप नीट घेते. तुमची डावी बाजू, पदर तिथेच पडतो, त्यामुळे इरकलसारख्या भारदस्त साडीत काही कळत नाही. आणि काहीच न लावता वावरायचं असेल तर तसंही वावरा. आपल्या जिल्ह्यात अशा बायका नव्या नाहीत. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद होते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. त्या गावांतल्या किती जणी इम्प्लांटचं नावही न ऐकता स्तन काढून शेतात, बाजारात, पंढरीच्या वाटेवर चालत आल्या आहेत. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, अशा एखाद्या पेशंटशी तिच्या संमतीनं भेट घालून द्या. तासभर तिच्याशी बोललात तर माझ्या या उत्तरापेक्षा जास्त समजेल.

मिस्टरांचं. "एवढा खर्च केला" हे ते बोलतात, त्यामागे बहुतेकदा भीती असते. तुम्ही पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये जाणार, पुन्हा रोगाचं नाव निघणार, याची. त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर एकच प्रश्न विचारायला लावा: काढण्यात धोका किती, आणि ठेवून हा टणकपणा पुढे किती वाढेल? झालेला खर्च ठेवण्यानं परत मिळत नाही आणि इम्प्लांट काही जन्मभराची वस्तू नाही, पुढेमागे बदलायचा खर्च येऊ शकतोच. हेही त्यांना तिथेच कळेल. तुम्ही स्वतः पहिल्यांदा छाती पाहाल तेव्हा ते सोबत हवेत की नकोत, हे मात्र तुम्ही ठरवा. काही जणींना नर्सच्या सोबतीनं, ड्रेसिंगच्या वेळी पाहणं सोपं जातं. स्वतः मागून घेतलेलं असलं तरी त्या दिवशी रडू येतं, आठवडाभर उदास वाटतं. म्हणून निर्णय चुकला असं लगेच समजू नका. महिना-दोन महिन्यांनंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर आम्हाला सांगा, त्यासाठीही मदत आहे.

खर्चाचं आधी विचारा. विमा असेल तर कंपनीची पूर्वपरवानगी घ्या आणि डॉक्टरांच्या पत्रात कारण नेमकं असू द्या. कॅन्सरनंतरच्या इम्प्लांटभोवतीचं आवरण आकसून वेदना, हे एक वैद्यकीय कारण आहे. ते सौंदर्याचं ऑपरेशन नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे भरती होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

माझ्याकडे या किंवा पुण्याला आधीच्या डॉक्टरांकडे जा, दोन्ही चालेल. हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन त्याच दिवशी परत येता येतं, त्यामुळे दुसरं मत घेणंही अवघड नाही. येताना पहिल्या ऑपरेशनचे कागद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, रेडिएशनची समरी, इम्प्लांटचं कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा शर्ट घालून या. तुम्हाला भाकरी थापायची हालचाल करून दाखवायला सांगणार आहे, स्नायू किती ओढतोय ते तेव्हाच कळतं.